उलटं फिरणारं चाक

माझ्या नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं पाणी वर चढवण्यात घालवली. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो होता. पंपाच्या पोटात जे चाक पाण्याला ढकलतं, ते घासून चोख करणं हे त्याचं काम. कंपनीने व्हीआरएस दिली तेव्हा त्याच्या मित्रांपैकी कोणी रिक्षा घेतली, कोणी गावी काजू लावले. याने महापेला औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला आणि घरी येऊन जाहीर केलं, "इतकी वर्षं पाण्याला वर चढवलं. आता ते खाली येताना आपलंही काहीतरी काम करून जाऊ दे."

काम म्हणजे वीज. डोंगरातल्या बारमाही झऱ्याचं पाणी पाइपाने खाली आणायचं, त्याची जोरदार धार एका चाकावर मारायची, चाकाला जनरेटर जोडायचा, की खालच्या वाडीला दिवे मिळतात. त्या चाकाला धंद्यात रनर म्हणतात. ब्राँझचं, परातीएवढं, आणि कडेने गोल ओळीत जोडवाट्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, यात आमटी वाढायची की काय. वाट्या आतून जरा जरी खडबडीत राहिल्या तरी पाण्याचा जोर फुकट जातो, म्हणून त्या गुळगुळीत घासाव्या लागतात. सुटीच्या दिवशी हे घासकाम माझ्याकडे असतं. एरवी मी वाशीच्या एका ऑफिसात नोकरी करते, तिथेही घासायचंच असतं, पण चकाकत काही नाही.

तर रनर बनत होते, फिरत मात्र नव्हते. पहिला ज्या संस्थेने बनवायला सांगितला होता ती संस्थाच मिटली. तो वाशीच्या एका हॉटेलवाल्याने नेऊन भिंतीवर टांगला. त्याच्याखाली बसून लोक पनीर टिक्का खातात. दुसरा आमच्या सोसायटीच्या गणपतीमागे प्रभावळ म्हणून लागला. आम्ही बौद्ध, आमच्या घरी गणपती बसत नाही, पण भाद्रपद आला की सेक्रेटरी हात जोडून दारात उभे. "तुमचं ते चक्र द्या ना, मागच्या वर्षी काय शोभलं होतं!" तिसऱ्यावर गाळेमालकांनी तुळशीची कुंडी ठेवली आहे. नवरा हे सगळं हसत सांगायचा, पण एकदा जेवताना घास हातात तसाच धरून म्हणाला, "एक तरी चाक पाण्यावर फिरलं पाहिजे गं. नाहीतर मी शोभेच्या वस्तूंचा कारखाना काढला असं होईल." चौथं चाकही असंच अंगावर पडलं तर गाळा बंद करायचा आणि समोरच्या आयटी पार्कात सिक्युरिटी सुपरवायझर व्हायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. युनिफॉर्मचं मापसुद्धा देऊन आला होता.

चौथ्याचं गिऱ्हाईक मात्र पक्कं वाटत होतं. घाटाखालची एक वाडी. पावसाळ्यात तिथले विजेचे खांब आडवे होतात आणि दिवाळीपर्यंत आडवेच राहतात. लोकांनी स्वतः राबून झऱ्यापासून खालपर्यंत पाइप टाकला होता, खडक फोडून सिमेंटात बसवला होता. राहिलं होतं फक्त चाक. ते चालतं कसं हे बघायला वाडीतून दोघं जण महापेला आले. एक सरपंच बाई, धडाधड बोलणाऱ्या. दुसरा गावदेवीचा गुरव. झरा देवीच्या राईतून निघतो, त्यामुळे पाण्याचं काहीही करायचं तर तो हवाच.

गुरवाने आधी गाळ्याच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. "गाव कंचं तुमचं?" नवऱ्याने गाव सांगितलं. "आनि त्यात वाडी कंची?" कोकणात हा दुसरा प्रश्न कशासाठी विचारतात ते कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. "बौद्धवाडी," नवरा सरळ म्हणाला. गुरव "बरं" म्हणाला. मी चहाचा ग्लास पुढे केला तर म्हणाला, "उपास हाय." आता, उपासाला चहा चालतो. आमच्या ऑफिसातल्या बायका उपासाला चहावरच तगून असतात. माझं डोकं तिथेच तापलं.

नवऱ्याने वाडीतल्यासारखीच मांडणी केली होती. पाण्याची टाकी, जोरासाठी पंप, आणि तिकडे येतो तसा डाव्या हाताने येणारा पाइप. त्याने बटण दाबलं, धार वाट्यांवर आदळली, चाक घुमायला लागलं आणि वर बांधलेला बल्ब लख्ख पेटला. सरपंच बाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण इतके महिने घासलेली वस्तू पहिल्यांदाच काहीतरी करत होती.

"ह्ये उलटं फिरतंय," गुरव म्हणाला.

"उलटं म्हणजे?"

"प्रदक्षिना अशी घालत्यात." त्याने हवेत हात फिरवून दाखवला. "ह्ये त्याच्या उलट चाललंय. मसनात मडकं घिऊन फिरत्यात तसं. देवीच्या पान्यानं मढ्याचं फेरं घालायचं? न्हाय चालायचं."

नवऱ्याने समजावलं. तुमचा पाइप डावीकडून येतो, धार चाकाच्या खालच्या अंगाला बसते, म्हणून ते असंच फिरणार. धार वरून मारली तर सुलट फिरेल, पण मग पडणारं पाणी चाकावरच सांडेल आणि निम्मा जोर तिथेच मरेल. गुरवाने सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "ते बराबर हाय. पर उलटं हाय."

मला राहवेना. "मागच्या बाजूने जाऊन बघा," मी म्हणाले.

लेथ आणि भिंत यांच्या फटीतून तो आडवा होऊन मागे गेला. "हां! हितनं बराबर हाय!" पुढे आला. "हितनं उलटं हाय." पुन्हा मागे गेला. जणू तो वळसा घालून येईपर्यंत आम्ही चोरून चाक बदलत होतो. एकदा तो दुसऱ्या बाजूने आला तेव्हा मी म्हटलं, "गुरव, आत्ता तुम्हीच उलटे फिरलात." तो जागच्या जागी थबकला, आल्या वाटेने मागे गेला आणि नीट उजव्या बाजूने फिरून आला.

हा गोंधळ ऐकून गाळेमालक आले. ते इथल्याच गावचे, त्यांची भातशेती होती तिथे आता आमच्यासारख्यांचे गाळे आहेत. त्यांनी प्रकरण ऐकून घेतलं आणि क्षणात निकाल दिला. "त्यात काय टेन्शन हाय? मागं आरसा लावा ना! आरशान सगला उलटाच दिसतं. उलट्याचा उलटा, म्हंजे सुलटा!" बोलणं पटण्यासारखं होतं. बेसिनवरचा आरसा काढून चाकामागे धरला. आरशातही चाक उलटंच फिरत होतं. गाळेमालक आरशावर भडकले. मग त्यांनीच शोध लावला, की आरसा समोर धरून चाकाकडे पाठ केली तर ते सुलट दिसतं. गुरव सोडून आम्ही चौघांनी पाळीपाळीने चाकाकडे पाठ करून आरशात बघितलं. खरंच दिसत होतं.

"देवीच्या चाकाला पाठ दावायची?" गुरव म्हणाला, आणि आरसा परत बेसिनवर गेला.

शेवटी सरपंच बाई वैतागल्या. "ओ गुरव, आपन कुठनं बघतो ते र्‍हाऊ द्या. देवी कुठनं बघती ते सांगा की!"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. नवऱ्याने खडू घेतला आणि जमिनीवर नकाशा काढला. ही वाट, हा झरा, ही चाकाची खोली, हे दार. देवी दाखवायला काही हवं होतं म्हणून त्याने गुरवाने न प्यालेला चहाचा ग्लास उचलून देवळाच्या जागी ठेवला. गुरव उकिडवा बसला, ग्लासाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तोंड जरा हिकडं." मग त्याने तो गोल ग्लास किंचित फिरवला. नवऱ्याने ग्लासापासून चाकापर्यंत रेघ ओढली. रेघ खोलीच्या मागच्या भिंतीतून येत होती. म्हणजे देवीच्या बाजूने चाक सुलट होतं, फक्त मध्ये भिंत होती.

"मग खिडकी पाडू की!" सरपंच बाई म्हणाल्या.

"देवीला इचारावं लागंल," गुरव म्हणाला. "कौल लावतो. उजवा दिला तर चाक. डावा दिला तर न्हाय."

ते गेल्यावर मी तोंड सोडलं. "चाक उलटं आहे की चाक करणारे, ते आधी त्याला ठरवू दे. वाडी विचारून झाली, चहा नाकारून झाला, आणि मग म्हणे उलटं."

"चाकाचं बोल," नवरा म्हणाला.

"चाकाचंच बोलतेय. आपण देव मानत नाही, ठीक. पण आपण न मानणं वेगळं आणि त्यांनी न येऊ देणं वेगळं." माझे सासरे त्यांच्या गावच्या जत्रेत वर्षानुवर्षं ढोल वाजवायचे. देवळाच्या पायऱ्यांच्या खाली उभे राहून. देवीपुढे पहिला ढोल त्यांचाच लागायचा आणि देवी कशी दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. नवऱ्याला हे मी सांगायची गरज नव्हती. तो खाली बसून फडक्याने खडूच्या रेघा पुसत होता, आणि ग्लासाच्या जागेपर्यंत आल्यावर त्याने ग्लास उचलून मोरीत ठेवला.

त्यानंतर आमच्या घरात जे वातावरण पसरलं ते बोर्डाच्या निकालाच्या आधीही नसतं. कंपनीत नव्या इंजिनीअरांना काम शिकवलेला माझा नवरा, ज्याने कधी राशिभविष्याचं पान उलगडलं नाही, तो कोकणातल्या एका दगडी मूर्तीवर चिकटवलेली फुलाची कळी कुठल्या बाजूला पडते याची वाट बघत बसला. मोबाइल वाजला की दचकायचा. मध्येच मला विचारायचा, "ओल्या कळ्या जास्त वेळ चिकटत असतील का?" सुपरवायझरचा युनिफॉर्म शिवून आला होता. तो त्याने कपाटात सगळ्यात मागे ठेवला. मी वरवर चिडत होते, पण खरं सांगायचं तर वाशीला बसमध्ये बसल्यावर माझ्याही मनात यायचं, पड बाई, उजवी पड.

सरपंच बाईंचा फोन आला तेव्हा तो वाट्या पुसत होता. "उजवा दिला!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की मला पलीकडे ऐकू आलं.

"देवीच्या उजवीकडचा की गुरवाच्या?" मी विचारलं.

"तू आता सुरू होऊ नकोस," नवरा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

अटी दोन. मागच्या भिंतीला देवीसाठी खिडकी पाडायची. आणि दारातून कोणी चाकाकडे बघायचं नाही, म्हणून दाराच्या आत गोणपाटाचा पडदा. ग्रीस लावायला जाणाऱ्याने मान खाली घालून जायचं. नवऱ्याने दोन्ही अटी तांत्रिक बाबी असल्यासारख्या लिहून घेतल्या आणि चाक टेंपोत घालून तो निघाला. मला सुटी मिळाली नाही.

दुपारी ऑफिसात डबा उघडला होता, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ आला. ओल्या सिमेंटची खिडकी, तिच्या आत माझ्या हातांनी घासलेल्या वाट्या, पाण्याचा धो धो आवाज. चाक फिरत होतं. एक क्षण मी नुसती बघत राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं. चाक सुलट फिरत होतं. मी लगेच फोन लावला.

"अहो, घोटाळा झालाय! चाक सुलट फिरतंय! पाइप कुठल्या बाजूने जोडलात?"

"पाइप बरोबर आहे," तो म्हणाला. मागे पाण्याचा आणि माणसांचा गलका होता. "मी इकडून बघतोय."

"इकडून म्हणजे कुठून?"

"देवळाच्या अंगणातून. मी खाली दाराशी उभा होतो. गुरव आला, माझा हात धरून पायऱ्या चढवून वर घेऊन आला. म्हणाला, ज्यानं केलं त्यानं उलटं का बघायचं?"

हातातली पोळी तशीच राहिली आणि समोरच्या टेबलावरची माझी मैत्रीण "काय झालं गं?" म्हणत उठली, कारण मी रडत होते. त्या दिवशी गुरवाचा उपास खरा होता की नव्हता, हे मला अजूनही माहीत नाही, आणि मी ते विसरणारही नाही. पण माझा नवरा अंगणात उभा होता.

"ऐकतेस का?" तो म्हणाला. "चपला खाली काढल्यात. फरशी तापलीय, पाय भाजतायत गं नुसते."

"मग सावलीत व्हा की."

"नाही," तो म्हणाला. "इथून हलत नाही मी."

"नका हलू," मी म्हणाले. "उभे राहा."