दोघांचं कपाट

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत लाकडी कपाटं विकणारा असा एकही दुकानदार नसेल, ज्याने आमच्या थोरल्या साडभाऊंना चहा पाजलेला नाही. आणि ज्याचं एखादं कपाट त्यांनी विकत घेतलं, असाही एक सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदेडच्या कोर्टात जमिनीच्या वादांची वकिली करतात. त्यांच्या ऑफिसात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, फायली ठेवायला एक लाकडी कपाट हवं होतं. ही गरज त्यांनी वर्षानुवर्षं इतकी ताजी ठेवली, की नव्या माणसाला ती कालच निर्माण झाली आहे असं वाटावं. दर रविवारी सकाळी फोन यायचा, "साडभाऊ, हाव का मोकळे? भोकरला एक कपाट आलंय म्हणतेत." गाडी माझ्याकडे होती आणि नाही म्हणायची सवय नव्हती, त्यामुळे मी निघायचो.

इकडे घरात फायलींनी उच्छाद मांडला होता. कापडात बांधलेले बस्ते खुर्च्यांवर, खिडकीत, पलंगाखाली. पक्षकाराला बसवायचं तर आधी कुणाचं तरी अपील उचलून जमिनीवर ठेवावं लागे. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या ताई, वैतागून म्हणायच्या, "लोखंडाचं आणा की एखादं, गावात ढिगानं हायेत." पण लोखंडाचं नाव काढलं की साडभाऊ कानावर हात ठेवत. "अहो, त्याचा खण ओढला की खडाडकन वाजतोय. पक्षकार आधीच भेदरलेला असतोय. त्याला वाटतंय, निकालच लागला!" लाकडाचा खण कसा, माणूस हळूच काही सांगायला तोंड उघडतो तसा उघडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुकानात शिरताना त्यांच्या काखेत नेहमी एक जुनी फाईल असायची. तिच्यातला वाद कधीच मिटला होता, वादी-प्रतिवादी एकमेकांच्या लग्नात जेवून गेले होते. फाईल आता फक्त मापापुरती उरली होती. कोर्टाचा कागद लांब, आणि तयार कपाटांचे खण ए-फोरच्या आखूड कागदाला बेतलेले. फाईल आत घातली की बोटभर बाहेर राही. हल्ली कोर्टात आखूड कागदही चालतो, असं मी एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "कोर्टाला चालतंय, जुन्या फायलींनी काय करावं? पाय मुडपून बसावं?" माप झालं की वासाची परीक्षा. लातूरच्या एका दुकानात त्यांनी सागवान की प्लायवूड हे हुंगण्यासाठी सगळ्यात खालच्या खणात डोकं घातलं, तेव्हा एका गिऱ्हाईकाने त्यांना दुरुस्तीवाला समजून दिवाण करायला काय घ्याल असं विचारलं. साडभाऊंना ‘दिवाणी’ ऐकू आलं असावं. त्यांनी आतूनच उत्तर दिलं, "आधी वारसांची संमती आणा." शेवटी करंगळीची परीक्षा. खण एका करंगळीने बाहेर आला पाहिजे, अडकला की कपाट नापास. अर्धापूरचा एक दुकानदार शेवटी कळवळून म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही कपाट घिऊन राहिले का सोयरीक जमवून राहिले?" त्यावर हे शांतपणे म्हणाले, "सोयरीक एकदा जमली की जमली. कपाट रोज उघडावं लागतंय."

सगळ्या परीक्षांत पास झालेली एक-दोन कपाटंही त्यांनी सोडली, कारण ती एकट्याची होती. त्यांना दोघांचं हवं होतं. डावीकडचे खण त्यांचे, उजवीकडचे लेकीचे. लेक एकुलती एक. लॉ करून बेंगळुरूला एका कंपनीत लागली. "अनुभव घिऊन येतीय," असं ते सगळ्यांना सांगत. माझी खात्री झाली होती, की कपाट पसंत पडत नाही ही नुसती सबब आहे. कपाट आलं की उजवी बाजू रिकामी दिसणार. शोध चालू आहे तोवर लेकीचं येणंही चालूच आहे.

मग देगलूरला एक म्हातारे सुतार भेटले. त्यांनी नमुन्याचा खण पुढे केला आणि तो करंगळीने असा आला, की साडभाऊंनी तो पुन्हा एकदा लावून ओढून पाहिला. हुंगून झालं, फाईल घालून झाली. नकाराला काही कारणच उरलं नाही. त्यांनी तिथूनच लेकीला व्हिडिओ कॉल लावला. "बघ गं, रंग कसा हाय? तुझी बाजू उजवी." तिने खण नीट बघितला. मग म्हणाली, "बाबा, एकट्याचंच करा. मी आता इथंच राहणार आहे. तुम्हाला किती दिवस ताटकळत ठेवू?" सुताराने रंधा थांबवला. मला कुठे बघावं कळेना. साडभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "तुमच्याकडं कागद कोणता वापरतेत?"

"ए-फोर, बाबा. पण सगळं कंप्युटरवरच असतं."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग सुताराकडे वळले. "उजवीकडचे खण आखूड करा. ए-फोर बसंल एवढे."

कपाट आलं. खोलीत आता खुर्च्या दिसतात, पक्षकार सरळ बसतात. रविवारचा फोन मात्र बंद झाला. मोकळी सकाळ मिळावी म्हणून मी इतकी वर्षं चडफडत होतो. आता मिळते तर करमत नाही. असाच एका रविवारी न बोलावता गेलो. पावसाळी, दमट दुपार होती. साडभाऊ कपाटापुढे स्टूल घेऊन उजवीकडचे खण एकेक करून उघडत होते, लावत होते. सगळे रिकामे. मला बघून थोडे ओशाळले.

"वापरात न्हाई ना," ते म्हणाले. "दमट हवेत लाकूड फुगून बसतंय. उद्या ती आली अन् खणच उघडला न्हाई, तर तिला काय वाटंल?"

जाऊन त्या पोरीला गाडीत घालून आणावं, असं फार वाटलं. पण ते काही माझ्या हातात नव्हतं. खालच्या खणापर्यंत आता त्यांना वाकवत नाही, म्हणून मी खाली बसलो आणि तो उघडून लावला.