मेकॅनिक ताईंचा नारळ

आठ मार्चला आमच्या गावच्या एसटी डेपोत महिला दिनाचा सत्कार होता. मी ज्या एसटीने घरी जाणार होते ती दुरुस्तीला आत गेलेली, म्हणून मी बाकावर बसून बघत होते. खरं तर असे दिवस मला आवडत नाहीत. गुलाब, भाषण, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे.

माइकवर नाव पुकारलं तरी सुनीताताई येईनात. डेपोतल्या त्या एकट्या बाई मेकॅनिक. शेवटी आमच्याच गाडीखालून बाहेर आल्या, कोपरापर्यंत काळे हात घेऊन. डेपोचे साहेब शाल-नारळ धरून उभे.

"थांबा साहेब, हात धुऊन येते," त्या संकोचून म्हणाल्या.

मागून एक वयस्कर मेकॅनिक म्हणाला, "धुताय कशाला, ताई? ज्या हातांनी गाड्या चालत्या करता, त्याच हातांनी घ्या की."

ताई क्षणभर थबकल्या, मग त्यांनी तेच हात पुढे केले. नारळावर काळी बोटं उमटली. टाळ्या वाजवता वाजवता मीही कधी उभी राहिले, कळलं नाही. हात लपवायची सवय एका दिवसात जात नसेल. पण ती सुटायला सुरुवात कुठल्यातरी एका दिवशीच होते.

नारळ त्यांनी घरी नेला नाही. गाडी सुरू झाल्यावर तिच्यापुढे फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. माझ्या तळहातावर तुकडा ठेवताना त्यांचं काळं बोट उमटलं.

घरी पोचेपर्यंत मी हात धुतला नाही.