दामिनी गाईडची सर्दी

नागझिरा अभयारण्याच्या गेटावर दामिनीपासून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी लपवणं म्हणजे आपल्या हातानं फजिती ओढवून घेणं. ती जिप्सीवर गाईड म्हणून बसायची, पण त्याआधी पर्यटकांच्या पिशव्या तपासायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलेलं. खर्रा, बिडी, माचिस, सगळं प्लास्टिकच्या डब्यात जमा. परत निघताना घेऊन जा. नुसतं जमा करून बाई थांबली असती तर ठीक होतं, पण सोबत फुकटचं भाषणही असायचं. "काका, तोंड उघडा बरं! किती बोटं जातात?" पुढची हकिकत आता ती स्वतःच गेटावर सांगते, आणि स्वतःलाच सगळ्यात जास्त हसते.

हे बोटांचं प्रकरण घरून आलेलं. तिचा बाप चैतराम. तीस वर्षं खर्रा खाऊन त्याचं तोंड दोनच बोटं उघडायचं. पोळीसुद्धा वरणात चुरून खावी लागे. उभी तीन बोटं आत जायला हवीत, असं तिरोड्याच्या दातांच्या डॉक्टरनं दिवाळीनंतर सांगितलं. वर हेही सांगितलं, "आता पुन्हा तंबाखूला शिवलात तर माझ्या हातात काही राहणार नाही." झालं! दामिनीनं घरात पोलीस ठाणंच उघडलं. बापाचे खिसे उलटे करायची आणि रोज संध्याकाळी त्याला ओसरीवर बसवून म्हणायची, "आ कर, बाबा." चैतराम बिचारा आ करायचा. खर्र्याविना त्याचे दोन महिने निघाले, आणि आपल्यासारखी पोट्टी अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं दामिनीला मनापासून वाटू लागलं.

जानेवारीत नागपूरची कॉलेजची पोरं आली. त्यातल्या एका मुलीनं डब्यात ई-सिगारेटची बोटाएवढी गुलाबी कांडी टाकली आणि जाताना विसरून गेली. अशा कांड्यांवर बंदी आहे, हे दामिनीला ठाऊक होतं. ती सरळ ऑफिसात द्यायची, तर हिनं हुंगून पाहिली. टरबूज! भर थंडीत टरबूज! जप्त केलेली वस्तू तपासायला नको का, म्हणून एक झुरका घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली. पंधरा दिवस तपासणी चालली. कांडी संपली तेव्हा बाईंनी गोंदियाला जाऊन, एका दुकानात मोबाईलच्या कव्हरांमागे लपवलेली आंब्याच्या वासाची दुसरी आणली. खर्रा खाणारे अडाणी. आपण तर नुसती वाफ घेतो! वेष्टनावर बारीक अक्षरांत निकोटिन लिहिलेलं होतं. धुळीतला वाघाचा पंजा जिप्सीतून ओळखणाऱ्या या बी.ए. पास गाईडला ते म्हणे दिसलं नाही.

एकदा जिप्सीतल्या बाईनं विचारलं, "गोड वास कसला येतोय हो?"

"मोहाच्या फुलांचा," दामिनी बेधडक म्हणाली. मोह फुलायला अजून महिना होता.

घरी कांडी चार्जिंगला लावलेली चैतरामनं पाहिली. "काय होय व हे?"

"सर्दीची मशीन हाय, बाबा. वाफ घ्यायची असते."

त्यानं मान हलवली. या पोरीच्या शब्दावर त्यानं तीस वर्षांचा खर्रा सोडला होता, मशीनवर कशाला शंका घेईल?

मग एके दिवशी कांडी घरीच विसरली. दुपारी दामिनी परतली तर चैतराम ओसरीवर डोळे अर्धे मिटून बसलेला, आणि नाकातून आंब्याच्या वासाचा धूर.

"ये व, ये! तुही मशीन लय कामाची हाय. मलेबी सर्दीच होती, सकाळपासून घेऊन राहिलो. आन सांगू का, खर्र्याची आठवणच नाई आली! माह्यासाठी एक आणशीन?"

दामिनीच्या मनात पहिल्यांदा काय यावं? तर मशीन बिघडली म्हणून सांगावं! त्याची तिला अजून लाज वाटते. पण उद्या त्यानं दुसरी मागितली असती, नाही मिळाली तर खर्र्याकडे वळला असता, आणि डॉक्टरचं बोलणं तिच्या कानात होतंच.

"बाबा, ठेव ते खाली. मले सर्दी नाई. खर्र्यातलंच जहर हाय त्याच्यात. महिना झाला, मी ओढून राहिली."

चैतरामनं कांडी खाली ठेवली. आता थोबाडीत बसणार, म्हणून तिनं डोळे मिटले. बसली असती तरी तिची तक्रार नव्हती.

"बस इथं," तो म्हणाला. ती बसली.

"आ कर."

दामिनीनं आ केला. बापानं आपली नांगर धरून जाड झालेली तीन बोटं उभी धरून तिच्या तोंडात घातली. सहज गेली. ती त्यानं तशीच धरून ठेवली.

"जाते," तो म्हणाला. "माह्या तोंडातबी जात होती, बाई."