बीपी मोजण्याआधीची पाच मिनिटं
मन मोकळं केलं की माणसाचं अर्धं दुःख हलकं होतं, असं आमच्या उपकेंद्रातल्या समुपदेशन कक्षाचं उद्घाटन करताना पाहुणे म्हणाले. ऐकून घेण्याचं महत्त्व त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. मग नारळ फुटला, दारावर 'मानसिक आरोग्य कक्ष' अशी ठळक पाटी लागली आणि महिनाभर त्या दारातून कुणीही आत गेलं नाही.

कपाशीवरच्या बोंडअळीचं वर्ष होतं. अळी लागू नये म्हणून घेतलेल्या बियाण्याच्या बोंडांत अळीच निघत होती. मी गावातल्या शाळेत मास्तर, राहायला थोरल्या भावाकडे. वहिनी रोज सकाळी मला टोमणे मारायच्या. दिवाळीनंतर ते थांबले. त्यांचं जेवण सुटलं, झोप गेली. मी पुस्तकातून वाचलेलं सांगू लागलो, "वहिनी, हा मनाचा आजार असतो, त्या कक्षात चला."

"मी काय येडी हावो, भाऊजी?" एवढंच त्या म्हणाल्या.

समुपदेशक ताई पुण्याकडची. रिकाम्या खोलीत बसून कंटाळलेली. शेवटी आमच्या गल्लीतल्या आशाताईनं तिला समजावलं.

"मॅडम, समोर एसटीचा थांबा हाये. बाई आत गेली का संध्याकाळपर्यंत गावभर, अमक्याची सून येडी झाली! ते पाटी काढा आन बीपी मोजा."

"पण मी बीपीसाठी आलेली नाही."

"लोकं तं येतीन! बीपी असलं तं माणसाले मान भेटते, मॅडम. सरपंचाले हाये."

पाटी उतरली आणि दर गुरुवारी बीपी मोजणं सुरू झालं. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसावं लागतं, हा नियम मात्र ताईनं कसोशीनं पाळला. दार लावून समोर बसायची आणि काही विचारायची नाही. आशाताई वहिनींना दारातूनच ओरडून घेऊन गेली, "चाल वो बाई, फुकट हाये!"

दोन गुरुवार वहिनी नुसत्या बसून आल्या. तिसऱ्या गुरुवारी बोलल्या. काय, ते त्यांनीच मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. "म्हटलं, मॅडम, वावरात बोंड फोडतो, आत अळी. मंग विहिरीवर जाऊन बसतो. घरी याव वाटत नाही. पानी लय जवळ दिसते."

त्या दिवशी पट्टा दंडाला लागलाच नाही. ताईनं तिथूनच भावाला बोलावून घेतलं आणि दुपारच्या गाडीनं तिघं बुलढाण्याला डॉक्टरांकडे गेले. गोळ्या सुरू झाल्या. गुरुवार चालू राहिले. पहिले काही आठवडे आशाताई रोज वहिनींसोबत वावरात जायची, विहिरीकडे एकटं सोडायची नाही. गल्लीत कुणी विचारलं तर वहिनी सांगत, "बीपीची गोळी हाये." होळीच्या सुमाराला एका सकाळी चहा पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "भाऊजी, शाळा आज तुमच्याकडं येनार हाये का तुमी शाळेत जाऊन राह्यले?" भाऊ तोंड फिरवून गोठ्याकडे गेला.

वर्षअखेर आरोग्य कार्यालयाकडे आकडे गेले. बीपी मोजून घेणाऱ्यांची संख्या आसपासच्या कुठल्याही गावापेक्षा आमची जास्त होती. वरच्या साहेबांनी तातडीनं दखल घेतली आणि कमी मीठ खाण्याची पोस्टरं पाठवली. वहिनींनी एक मागून आणून स्वयंपाकघरात लावलं. त्यांचं बीपी पहिल्यापासून उत्तम आहे, पण आमच्या घरची भाजी तेव्हापासून अळणी असते.