घारकाकांची ठेव

गच्चीवर बसलं की खर्च होत नाही, असं घारकाका म्हणायचे. माझी भाड्याची खोली गच्चीवरच, म्हणून आमची मैत्री. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी वर येत आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसत. माझ्या बापापेक्षाही वयानं मोठे, पण हाक मारायचे ती "काय दोस्त" अशी.

ओतकामाच्या कारखान्यात ते क्रेन चालवत. छपराखाली रुळांवरून सरकणारी क्रेन, तिला लटकलेली केबिन, केबिनमध्ये दिवसभर ते एकटे. घार हे नाव कारखान्यानं दिलेलं.

"वरून सगळं दिसत असेल," मी एकदा म्हटलं.

"छे! वितळलेल्या लोखंडाची बादली लटकलेली असते. तिच्याखालचं काही दिसत नाही. खाली इशारेवाला उभा असतो, त्याचा हात सांगेल तसं करायचं. आणि एकाचंच ऐकायचं. दोघांचं ऐकलं की कोणीतरी मरतं."

जमिनीवर उतरले आणि त्यांचा इशारेवाला गेला. भाजीवाला म्हणाला घ्या, की हे घेत. शेजारी म्हणाला स्कूटर विका, यांनी विकली. मग बसचं भाडं ऐकून गप्प झाले.

"पगार होता तेव्हा हा भोळेपणा परवडत होता," काकू म्हणायच्या. "आता दूध अर्ध्यावर आलंय."

घराचं गणित सरळ होतं. पेन्शन भाड्यात जायची. फंडाची रक्कम बँकेत ठेवलेली, तिच्या व्याजावर स्वयंपाकघर चालायचं. ठेव काकांच्या एकट्याच्या नावावर होती.

मग बारक्या आला. बारक्या म्हणजे त्यांचा मुलगा. नाव लहानपणीचं, आता शर्टाची बटणं ताणलेली असतात. त्याला व्यायामशाळा काढायची होती. भागीदार तयार, जागा तयार. फक्त पैसे नव्हते.

"स्वतःला जिना चढताना धाप लागते, आणि हा लोकांना पळवणार," काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. संध्याकाळी बारक्याचा फोन आला, ठेव मोडा म्हणून. काकांनी फोनवरही मानच हलवली, मग आठवून "हो" म्हणाले.

मी गच्चीवर विचारलं, "तुम्हाला पटतंय का?"

"बारक्या बाजारात फिरतो. त्याला खालचं दिसतं. मला दिसत नाही."

"आणि काकू?"

"सांगितलं ना, एकाचंच ऐकायचं."

ते चिडले नव्हते. कामाचा नियम सांगावा तसे सांगत होते.

बँकेत जायच्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. "चल रे, मला सोबत हो. तिथं माझं काही काम नाही म्हणे."

काउंटरपलीकडे चष्मा लावलेली बाई होती. तिनं काकांना समजावलं, मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कापलं जाईल. काकांनी बारक्याकडे पाहिलं. बारक्यानं हातानंच 'पुढं' अशी खूण केली. काकांनी पेन उचललं. काकू मागच्या बाकावर होत्या, माझ्या शेजारी. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"इथं सही करा," बाई म्हणाली.

काकू उठल्या. काउंटरच्या बाजूला, काकांना समोरून दिसेल अशा जागी उभ्या राहिल्या. दोन्ही हात बाजूंना ताणले, तळवे जमिनीकडे, आणि जोरात आडवे हलवले.

काकांचे दोन्ही हात काउंटरवरून एकदम वर उठले. पेन खाली पडलं.

"आजी, बरं वाटत नाहीये का?" बाईनं विचारलं.

मला नंतर कळलं. लग्नाआधी काकू त्याच कारखान्यात साचे साफ करायला होत्या. तिथं आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हा एक इशारा शिकवतात. बाकीचे इशारे फक्त इशारेवाल्याचे. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही करावा. झाडूवाल्यानं केला तरी क्रेन थांबते, आणि का थांबवलं ते कळेपर्यंत हलत नाही.

"आई, नाटकं नकोत. लोक बघतायत," बारक्या म्हणाला.

"तू थांब," काका म्हणाले. मग काकूंना विचारलं, "काय दिसलं?"

"खाली मी उभी आहे," काकू म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मी त्यांना तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं. रांगेतल्या माणसानं घसा खाकरला.

"मोडायची की नाही?" बाईनं विचारलं.

काकांनी या वेळी कोणाकडेच पाहिलं नाही. "नाही."

बारक्याचा चेहरा उतरला. "बाबा, मी भागीदाराला बयाणा देऊन बसलोय. उसने घेऊन. तो बाहेर गाडीत बसलाय. त्याला काय सांगू?"

"किती दिलास?" काकूंनी विचारलं. बारक्या त्यांच्या कानाशी वाकला. काकूंनी डोळे मिटले, उघडले.

"चल. आपण त्याच्याकडे पैसे परत मागून बघू."

"तो देणार नाही, आई."

"मग नाही म्हणू दे माझ्या तोंडावर."

दोघं दाराकडे निघाले. बारक्या मागं, मान खाली. काकांनी पडलेलं पेन उचलून बाईला परत केलं. "माफ करा, तुमचा वेळ गेला." मग तेही निघाले. दारात थबकले आणि माझ्याकडे वळले.

"दोस्त, तू एवढी पुस्तकं वाचलीस. तिथं जाऊन मी काय बोलायचं?"



त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग स्वतःच दार ढकलून बाहेर गेले.