सेमीफायनलचं पान

"पेन उचल वं," असं काकाजी म्हणाले की समजायचं, वाक्य अर्ध्यात अडलं. मग ते डोळे मिटायचे, टेबलावर बोटं वाजवायचे. मी पेन हवेत धरून बसायची आणि तिकडे चहा उतू जायचा. तुम्ही असा माणूस पाहिला असेल, तर माझा जीव किती वैतागायचा ते सांगायला नको.

मी नागपुरातल्या एका बास्केटबॉल क्लबात मैदान झाडते, चहा करते. काकाजी तिथले जुने गुणलेखक. दिवसा गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात नोकरी, संध्याकाळी सामन्याचा गुणतक्ता. म्हातारपणी हात थरथरायला लागला आणि नेमकं तेव्हाच, देशभरच्या क्लबांच्या पुरुष संघांची जी मोठी स्पर्धा होते, तिचा इतिहास लिहायचं त्यांच्या मनाने घेतलं. क्लबच्या समारंभात तो छापून वाटायचा होता. लिहायला धरलं मला.

"काकाजी, मी चौथी शिकलेली."

"मंग काय झालं? अक्षर तर माह्यापेक्षा सरळ हाये."

मुरमाच्या मैदानापासून लाकडी फरशीपर्यंत सगळं त्यांना पाठ. कोणत्या वर्षी कोण जिंकलं, कोणाचा बूट फाटला, कोणत्या गावात वरण आंबलेलं निघालं. एका वर्षी स्पर्धा भरलीच नाही. त्या वर्षालाही त्यांनी अख्खं पान दिलं.

"जे झालंच नाही ते काय लिहू?" मी चिडले.

"झालं नाही, असं लिही. ते बी लिहा लागते."

असं करत सगळी वर्षं भरली. एकच पान कोरं राहिलं. आमचा क्लब सेमीफायनल एका गुणाने जिंकून फायनलला गेला, ते वर्ष. क्लबातले म्हातारे आजही त्याच दिवसावर जगतात. मी रोज विचारायची, ते रोज म्हणायचे, "उद्या." समारंभ जवळ आला. शेवटी मी वही आपटली.

"नसन सांगाचं तर राहू द्या. मले भांडे घासाचे हायेत."

त्यांनी वही उचलून परत माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "लिही. आपल्या पोरानं बॉल टाकला, त्याच्या आधी शिट्टी वाजली होती. पंचानं बास्केट रद्द केली. मी आनंदात दोन गुण लिहून बसलो होतो. खोडले नाही."

"ध्यानातून गेलं असन."

"नाही. तक्त्यावर सही कराच्या आधी ध्यानात आलं होतं."

मी लिहिलं. या वेळी पेन एकदाही उचलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पान जुन्या खेळाडूंना वाचून दाखवायला लावलं. मला! माझा आवाज चार माणसांत फुटत नाही. वाचून झाल्यावर तेव्हाचे कप्तान उठले. "काहून उकरून राहिला गा? फायनल खेळलो, एवढंच तर आपल्याजवळ हाये."

"ते आपलं नव्हतंच गा," काकाजी म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या बाकावर कोणी बसेना. ते मात्र रोज यायचे, थंड चहा प्यायचे आणि चहा थंड आहे म्हणून मलाच बोलायचे. समारंभाच्या आठ दिवस आधी ते गेले. पुस्तक वाटलं. त्यात आमचा क्लब फायनलला गेलाय, बाकी काही नाही. पहिल्या पानावर काकाजींचा हसरा फोटो.

छापून झाल्यावर वही माझ्याकडेच परत आली होती. मी चार दिवस स्वतःवर चिडत काढले. मग ते पान झेरॉक्स केलं, त्या सेमीफायनलला हरलेल्या क्लबाचा पत्ता पुस्तकातून उतरवला आणि पोस्टात गेले.

"पाठवणाऱ्याचं नाव?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

मी काकाजींचं नाव सांगितलं.

"जरा मोठ्याने सांगा."

मी मोठ्याने सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.