पोरीचा चीक

आमच्या घरात दूध नासणं हा अपघात नव्हता, गुन्हा होता. लग्न होऊन पणदऱ्याला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातून एक पातेलं नासलं. सासरे, म्हणजे आबा, मला काही बोलले नाहीत. ते उठून गोठ्यात गेले आणि गाईची समजूत काढून आले. हे मला जाऊबाईंनी सांगितलं. जाऊबाई खोटं बोलत नाहीत, थोडं वाढवून सांगतात एवढंच. आबांना आयुष्यात अभिमान एकाच गोष्टीचा होता. गावच्या दूध संस्थेतून त्यांचं दूध कधी परत आलं नाही. कुणाचा मुलगा कलेक्टर होतो, कुणाचं दूध परत येत नाही, आणि आमच्या गावात दोघांना चहा सारखाच मिळतो.

अशा घरातल्या नातीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, दुग्धशास्त्राचं शिक्षण घेतलं, पुण्यात चांगली नोकरी धरली आणि दोन वर्षांनी ती सोडून आबांसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, मला घरच्या दुधाचं चीज करायचंय. दूध कसं फाडायचं, दाबायचं, मिठात बुडवायचं आणि मग गार खोलीत महिनोन्‌महिने मुरवायचं, हे तिनं अर्धा तास समजावलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सार काढलं.

"म्हंजे चांगलं दूध नासवायचं, आन् मग ते शिळं हुईस्तवर वाट बघायची."

चार वर्षांची फी भरून आम्हाला इतकी नेमकी व्याख्या कुणी सांगितली नव्हती.

"आन् त्याला म्हणत्यात काय?"

"चीज."

"चीक?"

"चीक नाही आबा. चीज."

"तेच ते."

तेव्हापासून आबांनी त्याला 'पोरीचा चीक' हेच नाव ठेवलं. गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट दूध येतं तो चीक. त्यात गूळ-वेलदोडा घालून वाफवला की खरवस. चीक हा शब्द आबांच्या तोंडात जन्मापासून बसलेला. चीज त्यांच्या माहितीप्रमाणे फक्त कष्टाचं होत असे, आणि तेही क्वचित. लेकीनं पहिले पंधरा दिवस त्यांना सुधारलं. मग तिनंही नाद सोडला.

निकाल मात्र आबांनी स्पष्ट दिला. "एक गोळा करून दाव. घरच्यास्नी, पावण्यास्नी खायला घाल. खाऊन कुणी आजून मागितला, तर दोन गाईंचं दूध तुजं. न्हाय मागितला, तर पुण्याची यष्टी रोज हाय."

मी त्या वेळी कुणाच्या बाजूची होते हे खरं सांगायचं तर यष्टीच्या. आम्ही नवरा-बायको राहतो त्या बारामतीच्या कॉलनीत कुणी विचारलं की मी "तिचं वर्क फ्रॉम होम चाललंय" असं सांगायचे. लग्नाच्या वयाची मुलगी गावाकडं कांद्याच्या खोलीत दुधाचे गोळे उलटेपालटे करत बसलीय, हे भिशीत सांगण्यासारखं नव्हतं. ती खोली तिनं धुऊन, चुना लावून घेतली आणि स्वतःच्या साठलेल्या पगारातून तिथं एसी बसवला. आबा दुपारी ओट्यावर उपरण्यानं वारा घेत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माणसं पंख्याखाली, चीक यशीत."

पहिला गोळा फुगला. दुसऱ्याला मधोमध चीर गेली. तिसरा छान जमत होता, त्याच्यावर हवी तशी करडी बुरशीही धरली होती. पण लेक दोन दिवस पुण्याला गेली आणि जाऊबाईंना ती बुरशी बघवेना. त्यांनी माया लावून तो गोळा भांड्याच्या साबणानं आणि काथ्यानं घासून लख्ख केला, उन्हातही ठेवला. परत आल्यावर लेक एसीच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. चौथ्या गोळ्याला तिनं कुलूप लावलं. तो चार महिने टिकला.

मग त्याच्या परीक्षेचा रविवार ठरला. पाहुणे कोण, तर माझ्या यजमानांचे बारामतीचे दोन मित्र आणि निरवांगीची नणंद नवऱ्यासह. नणंदेच्या यजमानांना आमच्याकडं सगळे दाजी म्हणतात. दाजींची द्राक्षाची बाग आहे, आणि एकदा शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात ते आठ दिवस हॉलंडला जाऊन आलेत. तेव्हापासून ते हॉलंडला 'तिकडं' म्हणतात आणि आपल्याला 'आपल्यात'. पाऊस, रस्ते, गोठे, सून, सगळ्याचं ते तिकडच्याशी माप घेतात. चीजचा विषय निघाल्यावर त्यांना कोण अडवणार होतं?

यजमानांचे मित्रही काही अडाणी नव्हते. बारामतीत हल्ली वरून चीज किसल्याशिवाय पदार्थाला पदार्थ म्हणत नाहीत. डोशावर किसतात, पावभाजीवर किसतात, मिसळीवर किसतात. एका लग्नात मी ते जिलबीवर किसायला आलेला माणूस पाहिला आणि ताट हातानं झाकलं. त्यामुळं चीज म्हणजे किसायची वस्तू; ती नुसतीही तोंडात टाकायची असते, हे मित्रांना नवीन होतं.

लेकीनं सकाळपासून आम्हाला नियम पाठ करायला लावले. गोळा तासभर आधी बाहेर काढायचा, गार खायचा नाही. कापताना मध्यापासून कडेपर्यंत लांब फोड कापायची, म्हणजे मऊ आतलं आणि कडक काठाचं दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतं. सोबत ज्वारीची पातळ कडक भाकरी, पेरू आणि दाजींच्या बागेतली द्राक्षं. दाजी आल्या आल्या म्हणाले, "तिकडं लाकडावर वाढत्यात. लाकूड पायजे." पाच मिनिटं सगळं घर लाकूड शोधत होतं. शेवटी जाऊबाईंनी पोळपाट पुढं केला. तीन पायांवर उभा राहिलेला तो गोळा फार रुबाबदार दिसला, हे मला मान्य करावं लागलं. त्याचं साल गव्हाच्या भुशाच्या रंगाचं झालं होतं.

"शेवटी पोरीच्या कष्टाचं चीज झालं," यजमान म्हणाले आणि सगळीकडं बघून हसले. हा विनोद त्यांनी त्या संध्याकाळी तीनदा केला. दाजींनी दोनदा, आणि एका मित्रानं जाताना, आपल्यालाच सुचला अशा चेहऱ्यानं.

आबा खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसले होते, हातात अडकित्ता. त्यांनी फोड घेतली नाही. "पावण्यांचं हू द्या," म्हणाले, आणि प्रत्येकाच्या बशीवर नजर ठेवून सुपारी कातरत राहिले.

कौतुक तर असं झालं की पुढारीही लाजावा. "वा." "छान." "मस्त जमलंय." "पॅकिंग केलं तर पुण्यात हातोहात जाईल." दाजी डोळे मिटून चघळत म्हणाले, "तिकडच्या जवळ गेलंय. पण तिकडं त्याला गवताचा वास येतो, आपल्यात येतो गाईला घालतो त्या उसाच्या वाढ्याचा." मित्रानं विचारलं, थोडं गरम करून पावात घातलं तर? दुसऱ्यानं विचारलं, किसणी नाही का? सगळे "छान" म्हणाले आणि सगळ्यांनी बशी हळूच खाली ठेवली. लेक पोळपाट घेऊन दुसऱ्यांदा फिरली तेव्हा प्रत्येकानं छातीवर हात ठेवला. पोट भरलंय, दुपारीच उशिरा जेवलो, आता भजी आली तर घेऊ. खोटं बोलताना आमच्याकडची माणसं फार नम्र होतात.

आणखी कुणीच मागितलं नाही. आबांचा अडकित्ता थांबला होता. लेक पोळपाट घेऊन परत स्वयंपाकघराच्या दाराशी आली. जवळजवळ अख्खा गोळा तसाच होता. ती मला म्हणाली, "आई, उद्या सकाळची यष्टी किती वाजता असते गं?" इतके महिने मी याच वाक्याची वाट बघत होते. ऐकलं आणि मला काही केल्या आनंद होईना. मला पाहुण्यांचा राग आला, भज्यांचा राग आला, सगळ्यात जास्त माझा आला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. शेजारची बाई पितळी तांब्या घेऊन ओट्यावर उभी होती. तिच्या मागं पलीकडच्या घरातली स्टीलचा डबा घेऊन. तिच्या मागं आणखी दोघी. प्रत्येकीच्या भांड्यात गुळाचा एक खडा. आमच्या आळीत चीक मागायला रिकामं भांडं आणत नाहीत.

झालं असं होतं की दुपारी घरातली धावपळ बघून शेजारणीनं ओट्यावर बसलेल्या आबांना विचारलं होतं, आज काय कार्यक्रम? आणि आबांनी सवयीनं सांगितलं होतं, "काय न्हाय, पोरीचा चीक खायला पावणं यायच्यात." आता चीक म्हटल्यावर कोण विचारत बसणार? गाय व्याली, चीक निघाला, पाहुण्यांना मिळणार तर शेजाऱ्यांनाही मिळणार. तो आळीचा हक्कच. आमच्या गोठ्यात कुठली गाय कधी व्यायची हे जाऊबाईंशिवाय कुणाला पाठ असतं?

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. यजमान म्हणाले, सांगून टाकू, गैरसमज झाला. आबा मात्र खुर्चीतून उठले. चीक मागायला आलेलं भांडं परत पाठवलं की दुभत्या जनावराला बाधतं, यावर त्यांची श्रद्धा. शिवाय शब्द त्यांचा गेला होता. त्यांनी लेकीच्या हातातला पोळपाट घेतला, सुरी उचलली आणि गोळ्यावर आडवी धरली.

सत्तावीस वर्षांत मी आबांना उलटून बोलले नव्हते. त्या वेळी बोलले. "आबा, ते तिचं आहे. चार महिन्यांचं आहे. त्या बायका ते गूळ घालून वाफवतील."

"दारात आलेलं भांडं रिकामं कसं धाडू?" आबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. ते खरंच विचारत होते.

मी लेकीकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार नाहीतर भांडणार. ती पुढं झाली आणि तिनं आबांच्या हातातली सुरी काढून घेतली.

"असं आडवं नाही आबा," ती म्हणाली. "मधनं कडंपर्यंत. म्हंजे सगळ्यास्नी सारखं जातं."

आणि तिनं कापायला सुरुवात केली. तांब्यात दोन फोडी, डब्यात दोन, बाकीच्या दोघींच्या भांड्यांत दोन-दोन. तोवर आणखी तीन भांडी आली. प्रत्येकीचा गूळ तिनं आधी काढून पोळपाटावर ठेवला आणि सांगत गेली, वाफवू नका, असाच खा. शेजारीण तांब्यात डोकावून म्हणाली, "वाफवूनच दिलाय व्हय? बरं केलं, गॅस वाचला." लेक "व्हय" म्हणाली. आबा तिच्या सुरीकडं बघत शेजारी उभे होते.

पाहुणे भजी खाऊन, विनोद करून गेले. दाजींनी जाताना सांगितलं की तिकडं असं कुणी फुकट वाटत नाही. पोळपाटावर सालीचे तुकडे, भुगा आणि गुळाचे सात खडे राहिले होते. लेक आत कपडे आवरत होती. बॅगेची चेन मला बाहेर ऐकू येत होती.

आबांनी एक सालीचा तुकडा उचलला, गुळाच्या खड्याला लावला आणि तोंडात टाकला. त्यांना दाढा नाहीत, त्यामुळं वेळ लागला. मी उभी राहिले. जाऊबाईही उभ्या राहिल्या.

"खारट हाय," आबा म्हणाले.

मी काहीतरी बोलणार होते, चांगलं नसतंच ते, पण ओट्यावर पुन्हा चप्पल वाजली. तीच शेजारीण, तोच तांब्या, या वेळी घासलेला आणि आत गुळाचा नवा खडा.

"आबा, आमच्या सासूबाईंनी समदा खाल्ला. कुनाला हातबी लावू दिला न्हाय. इचारत्यात, आजून हाय का?"

आतला चेनचा आवाज थांबला.

आबांनी दुसरा तुकडा उचलला, त्यालाही गूळ लावला. मग शेजारणीला म्हणाले, "आता सपला. पर दोन गाईंचा लावलाय. चार म्हैन्यांनी ये."

शेजारीण बुचकळ्यात पडून गेली. गाईला चीक यायला चार महिने कसे लागतात याचा विचार ती अजून करत असेल. लेक दारात आली होती. तिच्या हातात घडी न केलेला एक कुर्ता होता. मला रडू आलं, मी पदरानं डोळे पुसले, पण रडू लपवलं नाही.

"काय गं," आबा तिला म्हणाले, "पहाटं किती वाजता लागंल तुला दूध, ह्या चिकासाठी?"

"पाच वाजता," ती म्हणाली. चीक न्हाय, चीज, असं या वेळी तिनं त्यांना सांगितलं नाही.